बांधीव अंक घरी मिळणार नाहीत

माझ्याच लेखाच्या झेरॉक्स काढून वाटल्या म्हणून मला पुण्याहून फोन आला, तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खळ शिजवत होते. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. पुस्तकाच्या बांधणीला ही खळ वापरली की कीड लांब राहते. एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन आणि पलीकडून एक अतिशय सभ्य आवाज, "आपण शोभा राऊत ना? आमच्या त्रैमासिकातला लेख आपण परस्पर वाटलात असं कळलं. त्याचे हक्क संघाकडे आहेत. वाटलेल्या प्रती कृपया परत घ्याव्यात."

परत घ्याव्यात! संक्रांतीला वाटलेला तिळगूळ कोणी परत मागतं का हो? मी फोनवरच भांडायला लागले. खळ मात्र करपली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी यवतमाळकडच्या दिग्रसच्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्याकडचं ऊन म्हणजे ऊन नव्हे, ती भट्टी. उन्हाळ्यात पुस्तकाची पानं पापडासारखी मोडतात आणि पावसाळ्यात खालच्या फळीला वाळवी लागते. वर उंदीर आहेतच. या सगळ्यांशी झगडून जे काही शिकले, ते मी 'लहान ग्रंथालयातील पुस्तकांची निगा' या नावाने लिहिलं आणि आम्हा ग्रंथपालांच्या संघाच्या त्रैमासिकाला पाठवलं. छापून आलं. घरात पेढे वाटले. पुढे तालुक्यातल्या खेड्यांमध्ये वाचनालयं चालवणाऱ्यांचं एक शिबिर घेतलं, तेव्हा सगळे म्हणाले, ताई, हे कागदावर द्या. म्हणून झेरॉक्स काढल्या. पुढचं शिबिर महिन्याभरावर आलं होतं, माणसं दुप्पट येणार होती, आणि आता प्रती वाटायच्याच नाहीत असं हे पुण्याचं फर्मान.

नवरा म्हणाला, "फोनवर काय भांडतेस? जाऊन समोरासमोर बोलून ये." तो शांत माणूस आहे. त्याला घरात शांतता हवी होती, हेही त्यात असणारच. पण सल्ला लाखाचा निघाला. आज पुण्याबद्दल कोणी वाकडं बोललं की मी मध्येच तोडते, ते त्या सल्ल्यामुळे.

विश्रांतवाडी

बसच्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. विश्रांतवाडीला कुंदाच्या दारात उतरले, तिथून माझं पुणं सुरू झालं.

कुंदा माझी शाळेतली मैत्रीण. तिचा नवरा कारखान्यात आहे, म्हणून लग्न झाल्यापासून ती पुण्यात. तरी तिची भाषा तसूभर हलली नाही. दार उघडताच म्हणाली, "काहून वं शोभे, इतकी वाळली कायले?" वास्तविक मी वाळलेली नाही. पण अशी थाप मारणारं माणूस परगावी भेटणं म्हणजे काय सुख असतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या इमारतीत यवतमाळचे, वाशिमचे, अकोल्याचे लोक आहेत. जिन्यात फोडणीचा वास आला की कोणाचं माहेर कुठलं ते मी सांगू शकत होते.

आंघोळ करून निघाले. कुंदाने बस कुठे मिळेल ते नीट समजावलं होतं. मी थांब्यावर गेले, भरलेली बस आली, चढले, खिडकीची जागा मिळाली. मनात कोणाला काय सुनवायचं ते घोळवत होते. बऱ्याच वेळाने कंडक्टर आला. मी ऐटीत म्हटलं, "अप्पा बळवंत चौक."

त्याने माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "चौक मागे राहिला, बाई. ही आळंदीला चालली आहे. निघालाच आहात तर दर्शन घेऊन या, माउलीच बोलावत असतील."

सगळी बस हसली. आमच्याकडे कंडक्टर ओरडला असता, पण पुढच्या थांब्यापर्यंत विषय संपला असता. हा माणूस आवाजही न चढवता टोचून पुढे गेला. मी उतरले तेव्हा मात्र माझ्याबरोबर शेजारची एक बाई उतरली. तिचा थांबा नव्हता. म्हणाली, "अहो, हा रस्ता वाईट आहे, मी पलीकडे सोडते." तिने मला रस्ता ओलांडून दिला, योग्य बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "यांना चौकातच उतरवा, पुढे नेऊ नका." नाव विचारायच्या आत बस सुटली. तिचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

बुधवार पेठ

अप्पा बळवंत चौकात उतरले आणि भांडायला आले आहे हे काही वेळ विसरलेच. पुस्तकंच पुस्तकं! फुटपाथवर, पायऱ्यांवर, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत. आमच्याकडे एका नव्या पुस्तकासाठी मी कोणाकोणाच्या विनवण्या करते, आणि इथे लोक पुस्तकांना अडखळून चालत होते. डोळे भरून पाहिलं. मग पदर खोचला.

संघाचं कार्यालय एका दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर. दार ढकलून आत गेले आणि माझा निम्मा राग तिथेच गळाला. खरं सांगते, इतकी सुंदर खोली मी पाहिली नव्हती. भिंतीभर त्रैमासिकाचे बांधीव खंड, पाठीवर सोनेरी अक्षरं, एका रेषेत उभे. मी सवयीने फळीवरून बोट फिरवलं. धूळ नाही!

"आजच पुसलं आहे. उद्या आला असतात तरी हेच दिसलं असतं," मागून आवाज आला. फोनवरचाच सभ्य आवाज.

हे संघाचे चिटणीस बिनीवाले. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. शिडशिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. मी नाव सांगितलं तसे म्हणाले, "दिग्रसहून? बसा. भांडणार असाल तर आधी पाणी प्या, उन्हातून आला आहात."

पाणी प्याले आणि सुरू केलं. "साहेब, लेख माझा, वाळवी माझ्या फळीवरची, हात माझे पोळलेले. आणि मलाच वाटायला बंदी?"

"लेख छापण्यापूर्वी आपण हक्क संघाला दिलेत. सगळेच लेखक देतात."

"छापायला दिले होते. पोरगी सासरी दिली म्हणून तिने माहेरी यायचंच नाही का?"

"पोरगी सासरी सुखात आहे," बिनीवाले त्या खंडांकडे बोट दाखवून म्हणाले. "धूळसुद्धा बसू देत नाही आम्ही."

मी दुसरीकडून गेले. "बरं, मी नाही वाटत. पण तुमच्या वेबसाइटवर अंक आहेत म्हणे. आमच्याकडे ते उघडत का नाहीत? लोकांना तिथूनच वाचायला सांगते."

"उघडतात की. इथे उघडतात."

"इथे म्हणजे पुण्यात?"

"या खोलीत," त्यांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे मान वळवली.

मी संगणकाकडे बोट केलं. "वेबसाइट, आणि ती फक्त या खोलीत उघडते?"

बिनीवाल्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. उलट त्यांनीच मला विचारलं, "बांधीव अंक आपण घरी देता का हो, दिग्रसला?"

नाही देत. कुठलाच ग्रंथपाल देत नाही. एक अंक हरवला की सगळं वर्ष लंगडं होतं, म्हणून मासिकांचे बांधीव खंड तिथेच बसून वाचायचे, ही आम्हा लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त. संगणकावर अंक चढवताना कोणी ठराव केला नव्हता, चर्चा झाली नव्हती. वाचन-कक्षाची नियमावली उचलली आणि जशीच्या तशी वर नेऊन ठेवली. संगणक सुरू केल्यावर पहिल्या पानावर मी ती वाचली: 'शांतता राखावी. पानांचे कोपरे दुमडू नयेत. बांधीव अंक घरी मिळणार नाहीत.'

मला हसू आवरेना. आधी पदर तोंडावर धरला, मग तोही सोडला.

"शांतता राखावी," बिनीवाले म्हणाले. चेहरा अगदी कोरा होता, पण मिशी हलली. तिथे आमचं जमायला सुरुवात झाली.

जेवायच्या वेळी त्यांनी मला बाहेर नेलं. म्हणाले, "भांडण अर्धवट राहिलंय, पण उपाशीपोटी नको." एका जुन्या हॉटेलात मटार उसळ आणि पावाच्या स्लाइस खाल्ल्या. उसळीत साखर! आमच्याकडे कोणी उसळीत साखर घातली तर सून नवी आहे असं समजून माफ करतात. पण दुसऱ्या घासाला ती जिभेवर रुळली आणि मी आणखी एक बशी मागवली. "तिखट हवं असेल तर मिरची सांगतो," ते म्हणाले. मी म्हटलं, तिखट मी बरोबर आणलंय. त्यावर ते पहिल्यांदा मोकळं हसले.

आणि मग त्या टेबलावर खरं कारण बाहेर आलं. कुलूप लावण्यात नियमापेक्षा जास्त काही होतं.

त्यांचे गुरू ओगले सर. ग्रंथालयशास्त्र शिकवत. मराठी लेखकांची नावं सूचीत कशी नोंदवावीत, आडनाव आधी की नाव, टोपणनावाने लिहिणाऱ्याचं काय करायचं, संतांना कुठल्या अक्षराखाली शोधायचं, यावर त्यांनी आयुष्यभर विचार केला आणि एक मोठा लेख त्रैमासिकात लिहिला. काही वर्षांनी परीक्षेचं एक गाईड बाजारात आलं. त्यात सरांचा लेख, शब्द न शब्द. फक्त सरांचं नाव नव्हतं.

"लेखकाचं नाव कसं लिहावं हे शिकवणारा माणूस," बिनीवाले म्हणाले, "आणि त्याचंच नाव पुसलं. मी ते गाईड घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी पाहिलं, मिटलं आणि परत दिलं. एक अक्षर बोलले नाहीत. मी तेव्हाच ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. अंक संगणकावर चढले तेव्हा कार्यकारिणी मला म्हणाली, तुम्ही ठरवाल तसं. मी कुलूप लावलं. लेखकांचे हक्क संघाकडे घेतो तेही त्यासाठीच. पुढे कोणी चोरलं तर एकट्या लेखकाने कुठे लढायचं? संघ लढेल."

मी ज्याला मुजोरी समजून दिग्रसहून तणतणत आले, ती या माणसाची माया होती. पण माझ्या शिबिरातली माणसं डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी विचारलं, "साहेब, कुलूप लावावं असं सरांनी सांगितलं होतं का?"

"छे. ते कशाला सांगतील?"

"मग तुम्ही विचारलं होतं?"

"असं विचारायचं असतं का?" बिनीवाले दचकून म्हणाले. "त्यांना त्रास झाला होता. तो विषय पुन्हा काढायचा?"

इथे मला पुणं कळलं, निदान एका बाजूने. आमच्याकडे माणूस दुखावला की चार जण घरात घुसतात. काय झालं, कोणी केलं, चहा टाका, असं म्हणत त्याला बोलतं करतात. कधीकधी नको इतकं करतात. पुण्यात दुखावलेल्या माणसाचं दार लोटून घेतात, त्याला एकट्याला राहू देतात, आणि त्यात फार मोठा आदर असतो. पण मग त्या दाराआड तो किती वर्षं बसला, हे कोणी पाहायला जात नाही.

"सर आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत. पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. पेठेतलं घर सोडलं, मुलाकडे असतात. हिंजवडीला." हिंजवडी हा शब्द त्यांनी असा उच्चारला जणू सर सातासमुद्रापार गेले आहेत.

"मग चला, विचारू."

"कोण, आपण?"

"मी विचारते. तुम्ही नुसते बसा. सर नाही म्हणाले तर मी दिग्रसला जाऊन प्रत न् प्रत परत गोळा करीन, शब्द देते."

तो शब्द देताना मी मनात वाटलेल्या प्रती मोजत होते. पण दिला. बिनीवाल्यांनी बराच वेळ चमचा बशीत फिरवला. मग खिशातून फोन काढला आणि सरांच्या घरी लावला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, उचलला. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर या, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कुंदाने पाटवडी-रस्सा केला, वर तर्रीचा लाल तवंग असलेला. साखरेची उसळ धुऊन निघाली. मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती पोळी लाटतच होती. ऐकून म्हणाली, "म्हंजे लोकायनं वाचावं म्हणून आयुष्यभर मरता, अन् सोताचंच कुलपात ठेवता? तुमी लोकं बी कमाल हा." तिच्यापुढे मी संघाची बाजू मांडायला लागले, आणि मांडता मांडता लक्षात आलं की मी बिनीवाल्यांसाठी भांडते आहे. कुंदा म्हणाली, "एका बशी उसळीत फुटली वं तू."

हिंजवडी

पेठेतून हिंजवडीला जाणं हा प्रवास आहे, हे मी मान्य करते. बिनीवाल्यांनी टॅक्सीत बसताना पाण्याची बाटली, नॅपकिन आणि लिमलेटच्या गोळ्या बरोबर घेतल्या होत्या. मी म्हटलं, "गाडी लागते का?" म्हणाले, "ठाऊक नाही. इतक्या लांब कधी गेलो नाही." हे विनोदाने म्हणाले की खरंच, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पूल आले, पुलांखाली पूल आले. मग कंपन्यांच्या बसेसची रांग लागली, आणि आम्ही त्या रांगेत इतका वेळ उभे राहिलो की शेजारच्या बसमधल्या एका झोपलेल्या मुलीचा चेहरा मला पाठ झाला. काचेच्या इमारतींमध्ये मध्येच एखादं जुनं घर, दारात म्हैस, तिच्यामागे बावीस मजले. म्हैस रवंथ करत होती, तिला घाई नव्हती. ते पाहून मला गावची आठवण आली आणि एकदम बरं वाटलं.

बिनीवाले मात्र वाटेत लिमलेटच्या गोळ्या एकामागून एक तोंडात टाकत होते. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "राऊतबाई, एक विनंती. एकदम विचारू नका. आधी तब्येत विचारा." मी हो म्हटलं.

ओगले सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गुडघे गेलेले, जवळ काठी, डोळे मात्र लख्ख. बिनीवाले पाया पडले. सर म्हणाले, "या. वाट चुकलात का?"

"नाही सर, मुद्दाम आलो."

"बऱ्याच वर्षांनी मुद्दाम आलात."

बिनीवाल्यांनी मान खाली घातली. त्यांनी माझी ओळख करून दिली. काकूंनी चहा आणि नारळाची वडी आणली. मी तब्येत विचारली, गुडघ्यांना तिळाचं तेल लावता का विचारलं, वडीची तारीफ केली. मग माझा धीर सुटला. मी म्हटलं, "सर, मी आडवळणाने बोलणारी बाई नाही. तुमचा नावांवरचा लेख सगळ्यांना वाचायला मोकळा करावा का, हे विचारायला आलो आहोत. कोणीही, कुठेही, फुकट."

बिनीवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

सर म्हणाले, "मोकळा? म्हणजे आत्ता तो बंद आहे?"

मग बिनीवाल्यांनी सांगितलं. गाईडची गोष्ट, मनात केलेला निश्चय, कुलूप, एका खोलीतला संगणक. सांगताना त्यांचा आवाज विद्यार्थ्यासारखा झाला होता. सर ऐकत होते. हातातली वडी त्यांनी बशीत परत ठेवली.

"बिनीवाले," ते म्हणाले, "पूर्वी मला फोन यायचे. नागपूरहून, कोल्हापूरहून पोरं विचारायची, सर, या लेखकाचं नाव कसं नोंदवू? भांडायचीसुद्धा. मग हळूहळू ते थांबलं. मला वाटलं, आता कोणाला गरज उरली नाही. काळ बदलला, आपलं जुनं झालं. तसं मी हिलाही सांगितलं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं असेल."

"त्या गाईडवाल्याने माझं नाव काढलं," सर म्हणाले. "मला राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण लेख तरी पोरांच्या हातात होता. तुम्ही मला अख्खाच काढलात हो."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बिनीवाल्यांचा चेहरा मला बघवेना. हा माणूस रोज त्या खंडांवरची धूळ पुसत होता, ती कोणासाठी, हे मला ठाऊक होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात वर केला. "सर, चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतं." सरांनी काठी पुढ्यात घेतली. "आता विचारताय ना? मग ऐका. माझ्या लेखावरचा हक्क मला परत द्या. ज्याला प्रत काढायची त्याने काढावी, वाटावी, शिकवावी, मला विचारायचं कारण नाही. फक्त माझं नाव तिथून हलता कामा नये. एवढं जमेल का तुमच्या संघाला?"

"सगळ्यांचंच तसं करू, सर," बिनीवाले म्हणाले. "हक्क लेखकाकडे, संघाला फक्त छापायची परवानगी. जुन्या लेखकांना एकेकाला विचारतो. जे नको म्हणतील त्यांचे लेख बंद राहतील."

"एकेकाला विचारा. घरी जाऊन विचारा," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या बाईंना बरोबर न्या. तुमच्याच्याने एकट्याने व्हायचं नाही."

मी त्यांना नमस्कार केला. आमच्याकडच्या लेखकांना मी विचारते, असं मी म्हटलं, वाशिमपासून गडचिरोलीपर्यंतच्या. ते काम आजही चालू आहे.

पण सरांचं संपलं नव्हतं. "मग उघडा की. आत्ता. मी बघतो."

बिनीवाल्यांनी कार्यालयात फोन लावला. तिथे जोशीबाई असतात, वाचन-कक्ष आणि तो संगणक त्यांच्याच ताब्यात. बिनीवाले म्हणाले, ओगले सरांचा लेख बाहेरून उघडेल असा करा. जोशीबाईंचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "लेखी द्या. लेखी असल्याशिवाय उघडायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"अहो, मीच सांगतोय ना!"

"तेव्हाही तुम्हीच सांगत होतात."

सर खदखदून हसले. त्यांना हसताना पाहून काकूही हसल्या. बिनीवाल्यांनी निमूटपणे मोबाईलवर आदेश टाईप केला, जोशीबाईंनी त्यातला शुद्धलेखनाचा दोष कळवला, तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला. आणि काकूंनी आणलेल्या मोठ्या टॅबवर, हिंजवडीच्या त्या उंच घरात, लेख उघडला. मी बिनीवाल्यांना म्हटलं, "उद्या माझाही असाच उघडाल ना?" ते म्हणाले, "आत्ताच सांगितलंय. एका आदेशात दोन्ही."

सरांनी चष्मा लावला. आधी नाव पाहिलं. नावावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग वाचायला लागले. आम्ही तिघं बसून होतो. कोणी शांतता राखायला सांगितलं नव्हतं, पण चहाचा कप उचलायचीही कोणाची हिंमत नव्हती. पानामागून पान. मध्येच म्हणाले, "इथे चूक आहे. छापताना झालेली. तेव्हाच कळवलं होतं." बिनीवाल्यांनी खिशातलं पेन काढून ते लिहून घेतलं.

वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता उठायला हवं. तेवढ्यात ते म्हणाले, "आता या बाईंचा काढा."

माझा लेख छापून आल्यावर लोकांनी पेढे खाल्ले होते, अभिनंदन केलं होतं, पण माझ्यासमोर बसून तो कोणी वाचला नव्हता. सरांनी पहिल्या अक्षरापासून वाचला. मैद्याच्या खळीपाशी आले, थांबले.

"'खळीत मोरचूद घातल्यास कीड लागत नाही असे आढळून आले आहे.' कोणाला आढळलं?"

"मला, सर."

"स्वतः करून पाहिलंत?"

"हो. हात पोळवून घेतलेत."

"मग 'मला आढळलं' असं लिहा. वर नाव तुमचं आहे, तर आतही तुम्ही दिसायला हव्यात. लेखकाने लपायचं नसतं."

मला रडू आलं. भर खोलीत, परक्या घरी, घळाघळा. काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि वडीचा डबाच माझ्या पिशवीत घातला. निघताना बिनीवाले पुन्हा पाया पडले, तेव्हा सरांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. ती चूक दुरुस्त झाली का ते सांगायला." बिनीवाले "येतो, सर" म्हणाले.

खाली आलो. कंपन्या सुटल्या होत्या, रस्ता गाड्यांनी तुंबला होता, टॅक्सी मिळेना. आम्ही कडेला उभे राहिलो. बिनीवाल्यांनी मला एक लिमलेटची गोळी दिली, एक स्वतः तोंडात टाकली. माझ्या मनात शिबिर होतं. सगळं नीट झालं होतं, तरी माणसाने विचारून घ्यावं, हाच धडा तर मी घेऊन आले होते. म्हणून मी पदर सावरून, अदबीने विचारलं, "मग साहेब, शिबिरात मी माझ्या लेखाच्या प्रती वाटू का?"

ते रस्त्याकडेच पाहत होते. म्हणाले, "लेख आपला आहे. मला कशाला विचारता?"

मी तिथेच, त्या हॉर्नच्या गदारोळात, आमच्या वाचनालयात फोन लावला आणि म्हटलं, "काढा झेरॉक्स. लागतील तेवढ्या काढा."